गटारावरचा पाटा आणि बाबाजींची कमान

गटाराला झाकण नाही आणि गल्लीला कमान! वर हातभर अक्षरांत नाव कोणाचं, तर आमचे नगरसेवक बाबाजी यांचं. आम्ही भरलेल्या करातून गल्लीच्या दुरुस्तीला पैसे आले, ते असे हवेत उभे राहिले. विचारायला गेले तर म्हणतात, "मावशी, कमान म्हणजे वॉर्डाची शान." मी म्हटलं, "शान बघायला मान वर केली की पाय गटारात जातो, त्याचं काय?" तर हसले. चहा मागवला. मी प्यायले नाही.

वकील म्हणाले, मृत्युपत्राची सुरुवात अशी नसते. बरं, मग घ्या.

मी, शेवंती आत्माराम मांडवकर, वय बावन्न, शिक्षण चौथी, राहणार नवघर, भाईंदर पूर्व, हे सगळं शुद्धीत, माझ्या हाताने लिहितेय. कोणी दाबून लिहून घेतलेलं नाही. मला दाबणारा अजून जन्माला यायचाय. सोमवारी १९ तारखेला पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे. पोट त्यांचं नाही.

१. माझी चाळीतली खोली. स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंग करून ती मी घेतली. लोक कर कमी करा म्हणून भांडतात, मी माझ्या नावावर घरपट्टी लावा म्हणून भांडले. आपल्या नावाने कर भरला की उद्या कोणी सहजासहजी 'तुम्ही इथल्या कोण' विचारत नाही. ही खोली सून संपदा हिला. मुलाला नाही. पिंटू माझाच आहे, पण मीरा रोडला फ्लॅटमध्ये गेल्यापासून इकडे आला की नाकाला रुमाल लावतो. "आई, विकून टाक ना. काय ठेवलंय इथे?" मी ठेवलंय, मला! संपदा आली की आधी स्टुलावर चढून पत्रा कुठे गळतोय ते बघते. म्हणून घर तिचं. आमचे हे जिवंत आहेत तोवर त्यांना तिथून कोणी हलवायचं नाही.

२. पोस्टातल्या पैशांतून आधी पत्रे बदलायचे. उरले तर ह्यांना नवा रेडिओ. पण तो माझ्यामागे लावायचा. जिवंतपणी मला शांतता पाहिजे.

३. शेजारीण नीलिमाला माझी पितळेची बादली. दारातून खरकटं पाणी गल्लीत फेकते, ते आता बादलीत साठवावं आणि मोरीत ओतावं. फेकलं तर संपदाने बादली परत घ्यावी.

४. पाटा. आईने लग्नात दिलेला, रत्नागिरीहून आणलेला. गल्लीच्या मागच्या तोंडाला उघडं गटार आहे, ते ओलांडून सगळे स्टेशनला जातात. नीलिमाचा पाय त्यात गेला, प्लास्टर चढलं, तेव्हा मी घरातला पाटा उचलून गटारावर आडवा टाकला. म्हटलं, झाकण येईपर्यंत. झाकण आलं नाही, कमान आली. पाटा गटारावर आणि वरवंटा घरात, अशी त्यांची फारकत झालीय. हे रोज मिक्सरच्या चटणीला नावं ठेवतात. ठेवा म्हटलं, मीही ठेवते. झाकण पडेल त्या दिवशी पाटा आणायचा, सोड्याने घासायचा, पाथरवटाकडून टाकी लावून घ्यायचा आणि वरवंट्यासकट संपदाला द्यायचा. तोवर कोणी हलवायचा नाही. त्यावरून पोरं शाळेत जातात.

५. माझी तिरडी. ती कमानीखालून न्यायची नाही. त्या नावाखालून मी जिवंतपणी जात नाही, मेल्यावर कशाला जाऊ? मागच्या बाजूने, गटारावरून न्यायची. बाबाजी वॉर्डातल्या प्रत्येक मयताला येतात आणि पहिला खांदा देतात. माझ्याही वेळी पुढचा उजवा खांदा त्यांनाच द्यावा, ही माझी शेवटची इच्छा. पाटा एका माणसापुरता आहे. खांद्यावर ओझं असलं की पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. मी तर वजनदार आहे. बाबाजींनी विचार करावा.

वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देता येत नाही. मी विचारलं, "खांदा दिला तर?" त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "शेवंतीबाई, त्याला कायद्यात बंदी नाही." म्हणून दुसरे साक्षीदार बाबाजीच. दुसऱ्या कोणाची सही पण चालेल म्हणाले. कायद्याला चालेल, मला नाही.

ठिकाण: नवघर, भाईंदर पूर्व
दिनांक: ११ मे २००८

सही: शेवंती आत्माराम मांडवकर

साक्षीदार १: शालू विठू गोवेकर (कारखान्यातली मैत्रीण. तिला काही दिलेलं नाही, रागावलीय.)

साक्षीदार २: ______________

बाबाजी, ही रेघ तुमची. तुमची सही झाली नाही तर हा कागद अर्धा, आणि माझ्या सुनेचं घर अधांतरी. शनिवारी १७ तारखेला संध्याकाळपर्यंत माझ्या दारात येऊन सही करा आणि झाकण कुठल्या दिवशी पडणार ते तोंडाने सांगा. कमानीखालून आलात तर दार उघडणार नाही. मागून या. पाटा डगमगतो, जपून.