पाटीवरचे सहा तास

वरचा मुक्काम, १२ मे

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र खेचरवाल्याबरोबर पाठवतेय. आठवड्यातून एकदा तोच काय तो माणसाचं तोंड दाखवतो. हंगाम सुरू होऊन महिना झाला आणि डोंगर चढून माझ्याकडे मुक्कामाला आले किती, तर अकरा! बारा खाटांच्या खोलीत मी एकटी घोरते. चादरी न वापरताच कुबट होतात, म्हणून धुते, वाळवते, घड्या घालते, की परत तेच. कामाने नाही रे, बिनकामाने थकलेय.

गेल्या वर्षी याच दिवसांत तोंड धुवायला रांग लागायची. आता ऑफिसचं पत्र आलंय की या हंगामात तीनशे मुक्काम झाले नाहीत, तर पुढच्या वर्षी इथे कुलूप. बावीस वर्षं ही जागा सांभाळली, आता खाली येऊन मी करू काय? तुझ्या डोक्यावर बसू?

एक गंमत सांगते. परवा एक मास्तर दुपारी एक वाजताच दारात हजर. म्हणाले, संध्याकाळ होईल अशा बेताने निघालो होतो. मी विचारलं, मास्तर, पाय कुणाकडून उसने आणलेत?

वाटेवर काही पडलंय-बिडलंय का? वाट राखणारा तू, तेव्हा तुलाच विचारणार. आणि वर्षभर तू इकडे फिरकला नाहीस, ते का? वहिनीला नमस्कार. लोभ असू दे, उत्तरही असू दे.

तुझी,
बारकी


पायथा, १९ मे

चि. बारकीस,
अ. उ. आ.

वाट ठीक आहे. दरड नाही, झाड नाही. हंगामाआधीच सगळ्या पाट्या नव्याने रंगवल्या, अक्षर बघशील तर खूश होशील. लोकांचं म्हणशील, तर हल्ली गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांना डोंगराचा माथा हवा असतो. तळ्यापर्यंत जातात, फोटो काढतात आणि घरी. तुझा मास्तर पळत आला असेल. मुलांच्या मागे पळून पळून सवय होते त्यांना.

गुडघ्याचं विचारू नकोस, तुझी वहिनी विचारते तेवढं पुरे. येईन म्हणतो एकदा. उगाच रक्त आटवू नकोस. आठवण ठेवतेस तशीच ठेव.

तुझा,
दादा


वरचा मुक्काम, २६ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेलीय. खेचरवाला सांगतो, खालच्या पाटीवर माझ्या मुक्कामाच्या नावापुढे सहा तास लिहिलेत! कायम तीन होते. आणि शेजारीच तळं, दीड तास. नवखा माणूस काय निवडेल? मी मेली इथे चादरी धूत बसलेय!

हे ऑफिसातल्या कुणा साहेबाचं काम, खुर्चीत बसून डोंगर चढणाऱ्याचं. त्यांनी कागद दिला असेल आणि तू भिडेखातर रंगवलं असशील. सोबत तक्रारीचा कागद आहे. ज्याने सहा लिहिले त्याला कामावरून काढून टाका, असं स्पष्ट लिहिलंय. तेवढा पोस्टात टाक. आणि तोवर सहाचे तीन कर. रागावर जाऊ नकोस, तुझ्यावर नाही तो.

तुझी,
बारकी


पायथा, २ जून

चि. बारकीस,
अ. उ. आ.

सहा मी लिहिले. साहेबाला शिव्या देऊ नकोस.

दर तीन वर्षांनी वाट राखणाऱ्याने खालून वरपर्यंत स्वतः चालायचं, घड्याळ बघायचं आणि तेच पाटीवर लिहायचं. ही शिस्त मीच लावली. ऑफिसातल्या अंदाजपंचे आकड्यांवरून मी किती भांडलोय, ते सगळ्यांना ठाऊक आहे. तळ्याची वाट सपाट, तिथे काही फरक पडला नाही. तुझ्या वाटेला या खेपेस सहा तास लागले. सात ठिकाणी बसलो. जुनेच तीन लिहावेत असं मनात आलं, पण हात धजेना. आणि हे तास वाटेचे नव्हेत, माझ्या गुडघ्यांचे आहेत, हे सांगायला तोंड उघडेना. सांगितलं की काम गेलं. तुझ्या खाटा रिकाम्या राहतील हे डोक्यातच आलं नाही, तुझी शपथ.

त्या दिवशी तुझ्या दारापर्यंत आलो होतो. तू पाठमोरी, गाद्या उन्हात टाकत होतीस. मी भिंतीला धरून उभा, तोंडाला फेस आलेला. असा तुला दिसायला नको म्हणून घड्याळ बघितलं आणि तसाच मागे फिरलो.

कागद आज पोस्टात टाकला. तुझ्या सहीखाली माझी सही केली आणि लिहिलं की दुसऱ्या कुणाला चालवून बघा. पाटी मात्र तशीच आहे. न चालता मी लिहिणार नाही. जमलं तर माफ कर.

तुझा,
दादा


वरचा मुक्काम, ७ जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

महिनाभर लिहायला बसत होते आणि उठत होते. तुझ्या जागी आलेली मुलगी घड्याळ हातात धरूनच वर आली. तीन तास दहा मिनिटं. मी म्हटलं, तीन लिही. तर म्हणते, दहा मिनिटं कुठे टाकू? तुझ्याच पठडीतली निघाली. पाटी बदलल्यापासून खाटा भरतायत. तीनशे होतील का, सांगता येत नाही. अर्धा हंगाम गेला, आणि पाय आता कामाने दुखतात.

काढून टाका असं मीच लिहिलं होतं, ते मला खातंय. तू तो कागद फाडू शकला असतास. पण त्याहून जास्त खातंय ते दुसरंच. सहा तास चढून आलास आणि घोटभर पाणीही न पिता माझ्या दारातून परत गेलास. मी काय परकी? फेस आलेलं तोंड मी पुसलं असतं रे.

आता तुझं वर येणं होणार नाही हे मला कळलंय, लिहू नकोस. बुधवारी सात जण मुक्कामाला येणार होते. त्यांना नाही म्हणून कळवलंय. सात गेले तर गेले. या पत्राच्या मागोमाग मी खाली उतरतेय. माझेही गुडघे सांगण्यासारखे राहिलेले नाहीत, किती वेळ लागेल देव जाणे. लोभ पत्रातून कशाला मागू, समोर बसून मागेन. तोंडाला फेस आला तरी मी दारातून परत जाणार नाही.

तुझी,
बारकी