उसवलेला झगा

३ मार्च, मंगळवार

आईने झगा पुन्हा उसवला! खांद्याची टीप सरळ नाही म्हणे. मी खिडकीपाशी नेऊन पाहिली. सरळ. "तुझ्या डोळ्यांना सरळ. देवाच्या डोळ्यांना?"

झगा तिचा स्वतःचा. मेल्यावर तिला अंगावर घालून पुरायचं, तो. डॉक्टर म्हणाले, हृदय फार थकलंय, जपा. तेव्हापासून शिवते, उसवते, पुन्हा शिवते. कापडाची चाळण झाली.

चर्चच्या मंडळीतल्या सगळ्यांचे बाप्तिस्म्याचे झगे आमच्याच शिवणाच्या दुकानात होतात. ते ती एका बैठकीत उरकते. स्वतःचाच पुरा होत नाही.

५ मार्च, गुरुवार

भोंगा परत आलाय. मावशीचा नवरा, ट्रकड्रायव्हर. आवाजावरून हे नाव पडलं. मावशीला टाकून गेला. ती वाट बघत बघत गेली, मातीलाही आला नाही. आता दारू सुटली आहे, प्रार्थनेला मागच्या बाकावर बसतो, पुढच्या रविवारी बाप्तिस्मा घेणार आहे.

आई ताटावरून उठली. "एक बुडी मारली की सगळं साफ? मग मी जन्मभर काय माश्या मारल्या?"

पाळक समजवायला आले. तारण ही मजुरी नव्हे बाई, देणगी आहे, वगैरे.

"फुकटचं मला पचत नाही," आई म्हणाली. त्यांना चहा मात्र दिला.

८ मार्च, रविवार

प्रवचन शेवटच्या न्यायावर. उजवीकडे तारलेले कोण, डावीकडे टाकलेले कोण. आईचा हात माझ्या मनगटावर – गार.

बाहेर आल्यावर म्हणाली, "कुणाची चिंधीसुद्धा ठेवून घेतली नाही मी. खोटं बोलले नाही. आजाऱ्यांची उठबस केली. तरी पाय लटपटतात गं. आणि तो बघ, हसतोय!"

तिने अशी घाबरत घाबरत जाऊ नये. एवढंच मागणं आहे माझं.

१० मार्च, मंगळवार

आईने आज शिवलं नाही, उसवलंही नाही. मला जास्त भीती वाटली.

१२ मार्च, गुरुवार

काका – म्हणजे भोंगाच – झगा घालून बघायला आले. असतील तेवढ्यातला सगळ्यात मोठा दिला. हात वर केले मात्र – पाठीत टर्रर्र!

"स्वर्गाचं दार अरुंद असतं ऐकलं होतं," काका म्हणाले. "झगापण?"

मला हसू आवरेना. आई हसली नाही. त्या जातीचं पांढरं कापड दुकानात संपलंय, रविवारच्या आत येणार नाही. तिने तसं सांगून टाकलं. जरा समाधानानेच.

मग काकांचा आवाज एकदम खाली गेला. त्यांचा आवाज खाली जातो हेच मला माहीत नव्हतं. "राहू द्या ताई. झग्याचं काय एवढं. तिकडे ती भेटेल, तिच्यासमोर कुठल्या तोंडाने उभा राहू, ते कळत नाही." ती म्हणजे मावशी.

आई मापाची टेप बोटाला गुंडाळत राहिली. सोडली, परत गुंडाळली.

"घाबरता तुम्ही?"

"फार."

"मीही," आई म्हणाली.

ती त्यांना 'तुम्ही' म्हणाली!

१४ मार्च, शनिवार

सकाळी उठले तर आई कात्री घेऊन बसलेली, मांडीवर स्वतःचा झगा. वाटलं, परत खांदा. नाही! सरळ मधोमध कात्री चालवली. अर्धं कापड काकांच्या झग्याच्या पाठीत, उरलेल्याच्या कळ्या, दोन्ही बगला सैल करायला.

"आई! आणि तुला?"

"देव देईल ते घालेन."

मशीन असं धावत होतं की बॉबिन भरून द्यायला मी पुरी पडेना. एक टीप चक्क वाकडी गेली. मी दाखवली.

"जाऊ दे. पाण्यात कोण बघतंय!"

आईच्या हातची वाकडी टीप! जन्मात पाहिली नव्हती. दोरा दाताने तोडून म्हणाली, "माझं शिवणकाम हातात घेऊन त्याच्यापुढे उभी राहणार होते बघ मी. तो काय गिऱ्हाईक आहे?" आणि हसायला लागली. धाप लागली तरी हसतच होती. मी पाणी आणलं, तर मीच रडत होते.

१५ मार्च, रविवार

बाप्तिस्म्याचा हौद काठोकाठ. काका जहाजासारखे उतरले. पाळकांनी कसंबसं मागे झुकवलं, पाणी उसळलं, पहिला बाक न्हाऊन निघाला. काका वर आले ते ओरडतच – अख्खं प्रार्थनामंदिर दणाणलं! पाठ शाबूत, बगला शाबूत. सगळे उभे राहून गात होतो. आई सगळ्यांत मोठ्याने, आणि सगळ्यांत बेसूर.

त्याच दिवशी, संध्याकाळी

आई आत घोरते आहे. खुशाल.

सकाळी अर्धंच लिहिलं. मग आईपाशी जाऊन बसले. काका पाण्यातच होते, तेवढ्यात आईने टॉवेल माझ्याकडे दिला आणि चपला काढल्या. दर बाप्तिस्म्याला ती काठावर टॉवेल घेऊन उभी असते. तिचा स्वतःचा लग्नाआधी माहेरच्या मंडळीत झाला असणार, असं सगळेच धरून होतो. मीसुद्धा. कुणी कधी विचारलं नाही. ती अंगावरच्याच निळ्या कपड्यांत पायऱ्या उतरली. मी ओरडले – हृदय! काकांनी तिला हात दिला.

"बाई, तुमचा झालाच नव्हता?" पाळक.

"आधी लायक होऊ म्हटलं," आई म्हणाली. "आता राहू दे ते. बुडवा!"