कलम चार आणि बनामावशीची सही

जुळे सोलापूर
६ नोव्हेंबर २०२५

ती. बनामावशीस,
कृ. सा. न. वि. वि.

वरची अक्षरं आईने सांगितली तशी लिहिली. त्यांचा फुलफॉर्म मला येत नाही. तू फोनवर तीन शब्द बोललीस की खोकतेस आणि मग मीच बडबडत बसते, म्हणून पत्र. इंग्लिश मीडियमचं अक्षर आहे, हसू नकोस. आणि बिरुदेवमामाला दाखवू नकोस, तो चुका काढेल.

तुझा रिपोर्ट आला. दोन्ही फुप्फुसं खराब आहेत. घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवावं लागेल, दिवसातले पंधरा तास. सरकारी योजनेचं मी दवाखान्याच्या काउंटरवर विचारलं, तर तिथल्या बाई म्हणाल्या की ॲडमिट झालं तर बसतं, घरच्या मशीनला नाही. पण टेन्शन घ्यायचं नाही. आपला फंड आहे ना. नात्यातली अकरा घरं, महिन्याला पाचशे, आणि कुणीही आजारी पडलं तरी बिल एकट्याच्या डोक्यावर येणार नाही. मी ऑफिसमध्ये सगळ्यांना हे सांगत असते, आता ते मला बघून डबा उचलून पळतात. तुझी आपली पहिली मोठी केस.

फॉर्म मी भरलाय. फक्त सही कर आणि बार्शीला दिग्विजयदादाकडे पाठव, हिशेब त्याच्याकडे असतो. दादाच्या वडिलांना, म्हणजे बिरुदेवमामाला, तुझ्या लाडक्या भावाला सांग, गुटखा सोड म्हणावं, नाहीतर मी वस्तीवर येऊन राहीन.

आईचा नमस्कार. माया आहे तेवढीच ठेव, जास्त मागत नाही.

तुझी,
आरोही


धनगरवस्ती, ता. सांगोला
१४ नोव्हेंबर

चि. आरोहीस,
अ. उ. आ.

तुजं पत्र पोचलं. अक्षर मुंगळ्यावानी हाय, पर वाचता आलं. त्या वरच्या अक्षरांचा अर्थ मला बी ठावं न्हाय. चौथीत बाईंनी लिवायला लावलं, तवापासनं लिवते.

फॉर्म तसाच परत धाडलाय. सही केली न्हाय. फंडाचं कलम चार तूच वाचून दावलंस की. दारू, तंबाखू, गुटखा ह्यानं झालेला आजार ज्याचा त्यानं बघायचा, फंडातनं काय मिळायचं न्हाय. आता रिपोर्टात डॉक्टरनं काय लिवलंय ते बघ. चाळीस वर्सं सोलापुरात बिड्या वळल्या, तंबाखूची धूळ आत गेली, त्यानं झालंय. ओढली न्हाय म्हून काय झालं, नाक माजंच हुतं. तोंडाला फडकं बांदा म्हून कारखान्यातली बाई सांगायची. उकडतंय म्हून म्या बांदलं न्हाय.

तुजा काका, माजा मालक, पिऊन पिऊन गेला, तवा दवाखान्याचं समदं म्या एकटीनं भरलं. कुणापुडं हात केला न्हाय आन कुणी इचारलं बी न्हाय. कलम चारावर पयली सही माजी हाय. त्या रागानंच केल्याली. आता माज्यावर आलं म्हून नेम वाकवायचा, ह्ये मला जमायचं न्हाय.

मला दुकत काय न्हाय. पान्याच्या हांड्यापातुर गेलं की बसावं लागतंय, एवढंच. बिरूच्या तोंडात दोन बोटं बी जात न्हाईत. भाकर दुदात कुस्करून पितो, तरी मेंढरं सोडताना गालात पुडी हायच. मला म्हंतो, तू वळून आजारी, मी खाऊन आजारी, आपलं दोगांचं दुकान येकच हाय.

तुज्या आईला सांग, मी बरी हाय. माया पातळ करू नगं.

तुजी मावशी,
बनाबाई


जुळे सोलापूर
२१ नोव्हेंबर

ती. मावशीस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसच्या जिन्यात बसून वाचलं. मग आईने आणि मी भाड्याने मशीन पाठवलं, तर तू ते जीपवाल्याबरोबर परत पाठवलंस. वर त्याला चहा पाजलास. तो सांगत होता, म्हातारी लई चांगली आहे म्हणून.

मी दादाला फोन केला. कलम चार मुळात त्याचं होतं. मामाला दहा वर्षं सांगून तो थकलाय. त्याने ते मांडलं तेव्हा मीच सगळ्यात जोरात म्हणाले होते की मस्त आयडिया आहे, सगळ्यांना चांगल्या सवयी लागतील. हे आता आठवलं की कसंतरी होतं. मी त्याला म्हणाले, मावशीने काम केलंय, व्यसन नाही केलेलं, तिच्यासाठी अपवाद कर. तो म्हणाला, अपवाद नाही. आज आत्यासाठी दार उघडलं तर उद्या अण्णांसाठी उघडावं लागेल, आणि अण्णांचं बिल दहा घरांनी का भरायचं? काढायचंच तर कलम सगळ्यांसाठी काढा, अकरा घरांच्या अकरा सह्यांनी. नऊ सह्या मी आणल्यात, रविवारी स्कूटीवर फिरून. मामाच्या घराची सही दादा करतो, आणि तो म्हणतो, आत्याने केली तर मी करतो. म्हणजे सगळं तुझ्यावर अडलंय.

तुझा ऑक्सिजन चौऱ्याऐंशी होता, मावशी. मी तो आकडा रोज गूगल करते. दर वेळी तेच येतं. कागद सोबत आहे, पेनसुद्धा पाठवलंय. राग आला तरी येऊ दे, सही कर.

रागातही लोभ ठेवता येतो, तसा ठेव.

आरोही


धनगरवस्ती
२९ डिसेंबर

चि. आरोहीस,
अ. उ. आ.

उशीर झाला. चार वळी लिवल्या की ठेवावं लागतंय.

बिरूच्या गालात जखम झाल्याली. दुदानं बी आग व्हायला लागली तवा कबूल झाला. सांगोल्याच्या डॉक्टरनं तुकडा काढून तपासाया धाडला. कॅन्सर हाय. ऑपरेशन सोलापुरात करायचं, योजनेतनं थोडं हुईल, बाकीचं आपलं.

त्यो म्हंतो, जात न्हाय. कलम चार हाय, माज्याच पोराचा नेम हाय आन बरोबर हाय. म्या खाल्लं, म्या बघतो. मेंढरं इकून घरच्यांना उगडं पाडायचं न्हाय म्हंतो. मग गोठ्याच्या भितीला टेकून बसला. मी जे तुला लिवलं हुतं तेच समदं, आन मला ते ऐकवंना. शेनाची पाटी उचलून हाणणार हुते, पर दम लागला आन खालीच बसले. त्यो हसला. तोंड उगडत न्हाय, नाकातनंच हसला.

म्या सही केली हाय. माज्यासाटी करायला लाज वाटली, त्याच्यासाटी वाटली न्हाय. चूक समदी त्याची हाय, त्यात वाद न्हाय. पर चूक त्याची हाय म्हून त्याला तसंच बसू द्यायचं का, ह्ये आमी कुणी इचारलंच न्हाय कलम लिवताना. मी तर पयली सही केल्याली.

कागद दिग्विजयला परस्पर धाडलाय. बिरूचं आदी बगा. माजं मशीन मागनं आलं तर चालंल. आन डॉक्टर माज्याबद्दल काय म्हंत्यात ते सरळ लिव, गोड करून लिवू नगं.

पेन चांगलं हाय, ठेवून घेतलं. जीव लावतीस तसा लाव.

तुजी मावशी,
बनाबाई


जुळे सोलापूर
२४ जानेवारी २०२६

ती. मावशीस,
कृ. सा. न. वि. वि.

तू सरळ लिही म्हणालीस, म्हणून लिहिते. मशीन बसवायच्या आधी तुला तपासलं तेव्हा हृदयाची उजवी बाजू सुजलेली दिसली. नोव्हेंबरात ती तशी नव्हती. डॉक्टर म्हणाले, तेव्हाच मशीन लागलं असतं तर बहुतेक इतकं झालं नसतं. आता ते कायम लावायचं, झोपेतसुद्धा. मध्ये दोन महिने गेले. ते दादाचे, तुझे की माझे, याचा मी बरेच दिवस विचार केला. आता करत नाही. लाईट गेली तर शेजारी ठेवलेलं छोटं सिलिंडर लाव, नळी तीच.

मामाचं ऑपरेशन मंगळवारी झालं. उजवा जबडा काढला. सहा तास लागले. आत नेताना त्याने शर्टाच्या खिशातून पुडी काढून माझ्या हातात दिली आणि खुणेने सांगितलं, सांभाळ. मी पर्समध्ये ठेवली. मला राग यायला पाहिजे होता. नऊ घरांत जाऊन तुझ्यासाठी आणलेल्या सह्या आता याच माणसाच्या कामी आल्या होत्या. पण काहीच आलं नाही. मी पर्सची चेन लावली आणि बाकड्यावर बसले. मामासाठी फंडाचा फॉर्म भरला तेव्हाही माझा हात आपोआप चालला.

दादा बार्शीहून सकाळच्या एसटीने आला होता. कलम काढायच्या कागदावर त्याने तुझ्याखाली सही केली होती, पण मामाशी बोलायला गेला नाही. लिफ्टपाशी उभा होता. मग काउंटरवरून एक कागद आला. बिलाला जबाबदार व्यक्ती, असा रकाना होता. मी क्लार्कना सांगितलं की आमची अकरा घरं आहेत, फंड आहे. ते म्हणाले, असेल, पण इथे एकच नाव लागतं. मी अकरा नावं बारीक अक्षरात बसतात का ते बघत होते. दादाने माझ्या हातातून पेन घेतलं आणि स्वतःचं नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. पुढे नातं विचारलं होतं, तिथे मुलगा लिहिलं.

मग आम्ही खाली कँटीनमध्ये गेलो. चहा घेतला.

आईचा नमस्कार. जमेल तेवढा लोभ कर, दम लागेल इतका नको.

तुझी,
आरोही