परत आलेले चौथरे

शनिवार, सकाळी चहानंतर

चि. विसरभोळ्या बाईसाहेबांस आजीचे अनेक आशीर्वाद.

शाळेची पायरी न चढलेली मी, आणि पत्र माझंच जातंय. तू एवढी शिकलीस, पण घराचा पत्ता तेवढा शिकायचा राहिला वाटतं! मी सांगतेय आणि तुझी आई लिहितेय. अक्षर तिचं, टोमणे माझे.

इकडे सर्व ठीक. माझा गुडघा बोलतो, मी बोलते. बाकी घरात कोणी फारसं बोलत नाही. मोरीतला नळ गळत होता, त्याला फडकं बांधून गप्प केलं.

तुझ्या बापाचं शेवटचं काम कलादालनातून परत आलं. ते उंच लाकडी चौथरे गं, ज्यांच्यावर पुतळे मांडले होते. प्रदर्शन संपलं तेव्हा तो दवाखान्यात होता, आणि टेम्पो दारात आला तेव्हा तो नव्हता. हमालांनी चौथरे त्याच्या कारखान्यात ओळीने उभे केले आणि गेले. त्याची रीत तुला ठाऊक आहे. माल आला की त्याच दिवशी पाचरी काढायच्या, फळ्या सुट्या करायच्या, पुढच्या प्रदर्शनाला त्याच फळ्यांचं दुसरं काही. खिळा नाही, सरस नाही. "आई, माझ्या सामानाला पुनर्जन्म आहे," म्हणायचा. मी म्हणायची, "मग मोक्ष कधी रे?"

तुझी आई मात्र कोणाला हात लावू देईना. त्यांनी स्वतः जोडलेत, म्हणते. रोज पुसते. मी विचारलं, "रिकाम्या चौथऱ्यावरची धूळ पुसून काय मिळतं गं?" तर म्हणाली, "वेळ जातो."

आता पेन थांबलंय. लिही गं, खोटं सांगतेय का मी?

परवा कलादालनाचे व्यवस्थापक आले. पुढच्या प्रदर्शनात मातीची लहान भांडी आहेत, त्यांना लांब, बुटक्या बैठकी हव्यात. तुझी आई म्हणाली, "सामान मोकळं नाही." ते म्हणाले, "मग स्वस्तातल्या बोर्डाच्या करून घेतो. संपलं की टाकून देऊ." यावर तिने नुसती होकाराची मान हलवली. 'टाकून देऊ' या दोन शब्दांवरून तुझा बाप जन्मभर भांडला, आणि त्याच्याच कारखान्यात मान हलली. मला राग यायला हवा होता. आला नाही. हल्ली काही येतच नाही, रडूसुद्धा. मुलगा गेल्याचं कळलंय, पण दाढ काढताना गाल बधिर करतात ना, तसं सगळं.

ते गेल्यावर मी लाकडी हातोडी घेतली.

"आई, राहू द्या."

"राहू द्यायचे असते तर त्याने खिळे ठोकले असते," म्हटलं, आणि पाचरीवर हाणली. हलेना. पुन्हा हाणली. ती बघत होती. मग माझ्या हातून हातोडी काढून घेतली. "वरून नाही, खालून." एकच टोला, आणि फळ्या अलगद सुटल्या. आतल्या अंगाला जुन्या प्रदर्शनांचे रंग होते, कुठे निळा, कुठे विटकरी. एकेक चौथरा सोडवत आम्ही दोघी फळ्या रचत गेलो. कोणी रडलं नाही. कडेचा एक चौथरा तिने उभाच ठेवलाय. मीही तो राहू दिलाय.

तिने व्यवस्थापकांना फोन करून आठवडाभर थांबवलंय. जोडणी ओळखीचा सुतार करील. पण कशाला काय जोडायचं, ते नकाशे बापाच्या शेजारी बसून तूच काढायचीस. बुटक्या बैठकीचा नकाशा पाठव. नाहीतर तो बोर्ड येईल, आणि या फळ्या मग कायमच्या पडून राहतील. स्वतः आलीस तर उत्तम. येववत नसेल तर तसं सांग. 'कामात आहे' नको. त्या कारखान्यात तुला पाऊल टाकवत नाही, हे मला कळत नाही असं समजू नकोस.

आणि मऊ बिस्किटं पाठव. मला नकोत. तुझी आई दिवसभर चहावर राहते आणि विचारलं की "जेवले" म्हणते. एवढं तिने लिहिलं की गाळलं, मला कुठे वाचता येतंय? बिस्किटं आली म्हणजे कळेल. भरपूर पाठव.

तुझी,
जुन्याच पत्त्यावर असलेली आजी