हिरामणची पत्ती

मी, काळूराम बाळाराम घरत, वय वर्षे ७३, धंदा क्लॅरोनेटवादन व भातशेती, राहणार मौजे बामणखार, तालुका अलिबाग, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके जाग्यावर आहे. फुप्फुसे नाहीत. ज्या दमावर चाळीस वर्षे वाजवले तो आता ओटीच्या तीन पायऱ्या चढायलाही पुरत नाही. माझ्यावर कोणाचा दाब नाही व मी नशापाणी केलेले नाही. हे शेवटचे वाक्य वकील सांगतात म्हणून सगळेच घालतात. मी ते का घालतो, ते कलम ४ मध्ये कळेल.

कलम १. राहते घर व मागची पडवी मुलगा जीवन याला द्यावी. त्याचे ट्रेलर न्हावाशेव्याला चालतात आणि तो इथे येतो गणपतीला व निवडणुकीला, तरी घर त्याचेच. माझी दिवंगत पत्नी कमळ हिने अंगणात लावलेला सोनचाफा तोडून गाडीला जागा करू नये. गाडी रस्त्यावर मावते. बँकेत जे काही शिल्लक असेल ते मुलगी सुचिता हिला. जीवनला त्याचा वाटा ट्रेलर घेताना मिळालेला आहे, हे तो विसरला असल्यास त्याला आठवण द्यावी.

कलम २. दोन्ही खाचरे दोघा भावंडांना निम्मी निम्मी. मांडव्याहून बोटीने येणारे मुंबईकर हल्ली आमच्या बांधावर उभे राहून भाव विचारतात. विकायचे तर दोघांनी एकमेकांना विचारून विकावे. शेजारच्या सदू पाटलाने दोन हात बांध माझ्यात सरकवला आहे. ते त्याला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे आणि बांधालाही ठाऊक आहे. मी त्याला माफ केलेले नाही, पण जीवनने भांडत बसू नये. सदू माझ्या मयताला आला तर त्याला चहा द्यावा. बिनसाखरेचा द्यावा, त्याला मधुमेह आहे.

कलम ३. माझी क्लॅरोनेट, तिची पेटी व सुरांची वही सुचिताला. आमची खारदेव क्लॅरोनेट पार्टी १९७९ साली सुरू झाली. चार क्लॅरोनेट, एक ढोल, एक ताशा. बाकीच्या पार्ट्या पितळेचे कर्णे घेऊन फिरायच्या, आम्ही कधी घेतले नाहीत. आमच्या वहीत हळदीची गाणी होती, वरातीची होती, गौरी नेताना वाजवायची होती, म्हाताऱ्या माणसांच्या मयताचे अभंग होते. सगळ्यात मान पाठवणीच्या चालीला. मांडवात धवलारीण सखुबाई लग्नाचे धवले गायची, तेव्हा आम्ही वाद्ये मांडीवर ठेवून ऐकायचो आणि नवरी निघताना तिचीच चाल वाजवायचो. बायका रडायच्या त्या सखुबाईमुळे. श्रेय मात्र आम्ही घेतले.

कलम ४. हे कलम मालमत्तेचे नाही. वकिलांनी ते गाळायला सांगितले होते. मी गाळलेले नाही.

पार्टीत पहिली क्लॅरोनेट माझी आणि दुसरी हिरामण म्हात्रे याची. वयाने लहान, मला दादा म्हणायचा. पहिलीने चाल वाजवायची आणि दुसरीने खालच्या सुरांत राहून तिला धरून ठेवायचे. लोक पहिली ऐकतात. दुसरी थांबली तरच तिची आठवण होते. क्लॅरोनेटच्या तोंडाला बोरूची एक पातळ पत्ती बसवतात. ती थरथरली तर सूर, नाहीतर हातात नुसते लाकूड. चौघांच्या जादा पत्त्यांची डबी मीच बाळगायचो, कारण माझा कोणावर भरवसा नव्हता.

मे २००१ मध्ये म्हसळ्याकडच्या एका लग्नाची सुपारी होती. आगरदांड्याहून लाँचने दिघीला उतरलो आणि माझ्या ध्यानात आले की डबी धक्क्यावरच्या चहाच्या टपरीत राहिली. मी कोणाला बोललो नाही. दुपारी पाठवणी निघाली. नवरी उंबऱ्यावर आली, मी चाल उचलली आणि पहिल्याच कडव्यात माझी पत्ती चिरली. तिसरा आणि चौथा माझ्या मागून वाजवणारे, मी थांबलो तसे तेही थांबले.

हिरामणने आपल्या वाद्याची पत्ती सोडवून माझ्यापुढे धरली. "दादा, ही घे. नवरी उभी हाय."

आमच्यात दुसऱ्याच्या तोंडची पत्ती कोणी घेत नाही. ती उष्टी, शिवाय एकाच्या ओठाला बसलेली. मी घेतली आणि वाजवले. पार्टीत एक माणूस कमी दिसू नये म्हणून हिरामण शेजारी उभा राहून मुक्या वाद्यावर बोटे फिरवत राहिला.

नवरीच्या मामाच्या ते लक्षात आले. "ओ मास्तर, ह्यो तुमचा मानूस नुसती बोटं नाचवतो काय?" असे त्याने भर मांडवात विचारले. खरे कारण सांगायचे तर डबी विसरल्याचे सांगावे लागले असते. मी म्हणालो, "जरा जास्त झालीय त्याला."

हिरामण माळकरी होता. त्याने जन्मात ताडीचा घोट घेतला नव्हता. मामाने त्याच्या डोक्यावरची पार्टीची टोपी काढून ढोलावर ठेवली. लोक हसले. हिरामण माझ्याकडे बघत राहिला आणि मी उरलेली कडवी वाजवली, त्याच्याच पत्तीवर. परतीच्या लाँचवर त्याने पार्टीचा कोट घडी घालून माझ्या शेजारी ठेवला आणि म्हणाला, "येतो दादा." त्यानंतर एका गावात राहून आम्ही चोवीस वर्षे बोललो नाही. दुसऱ्या कोणत्याही पार्टीने त्याला घेतले नाही. तो मिठागरात फावडे ओढायला गेला. आज गावातली शाळकरी मुलेही त्याच्या घराला बेवड्याचे घर म्हणतात.

मी लिहून देतो की हिरामण म्हात्रे त्या दिवशी प्यायलेला नव्हता. तो कधीच प्यायला नाही. विसरलो मी, खोटे बोललो मी.

कलम ५. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. त्यातला एक हिरामण असावा असे मी ठरवले होते. सही करायची म्हणजे तो वाचणार आणि मला तोंडाने काही सांगावे लागणार नाही. भित्रेपणाने माणूस किती अक्कल लढवतो! डिसेंबरात सुचिताला त्याच्याकडे धाडले. तो म्हणाला, "दादाला सांग, येतो. जरा थंडी कमी होऊंदे." १९ जानेवारीला तो गेला. थंडी तेव्हा कमीच झाली होती.

मग कागद घेऊन मी त्याच्या बायकोकडे, नलूवहिनीकडे गेलो. तिने चष्मा लावून उभ्यानेच कलम ४ वाचले. मग म्हणाली, "हा कागद कवा वाचतील?"

"माझ्या पाठी."

"म्हंजे तो पन नाय आनि तू पन नाय. तवर मी बेवड्याची बायको. सही करीन मी. पन आधी तोंडान बोल, चार मानसांत."

हिरामणच्या बाराव्याला, देवळापुढे पंगत बसायच्या आधी, मी उभा राहून सगळे सांगितले. दम लागत होता म्हणून थांबत थांबत सांगितले. लोक माझ्या तोंडावर थुंकतील असे वाटले होते. थुंकले असते तर बरे झाले असते. निम्म्यांना ते लग्नच आठवत नव्हते. सदू पाटील म्हणाला, "जाऊंदे रं काळूराम, आता काय त्याचा." आणि त्याने पत्रावळी मांडायला घेतल्या. बेवडा हे नाव सगळ्यांच्या तोंडी होते आणि ते कशावरून पडले हे कोणालाच ठाऊक नव्हते. मी रडलो. लोकांना वाटले, हिरामणसाठी रडतो.

कलम ६. माझ्या अंत्ययात्रेत कर्णे, बँजो किंवा डीजे आणू नये. सुचिताने पाठवणीची चाल वाजवावी. लहानपणी ती माझे वाद्य चोरून काढायची तेव्हा मी तिला, पोरींनी तोंडाने वाजवू नये, म्हणून दटावले होते. ती तरीही शिकली. कोणाकडे शिकली हे तिने मला बाराव्याहून परत येताना सांगितले. हिरामणकडे, मिठागराच्या बांधावर. त्या लग्नाबद्दल त्याने तिला एक शब्द सांगितला नाही. माझ्याबद्दल विचारले की म्हणायचा, "तुजा बापूस पहिली लई गोड वाजवतो."

नलूवहिनीने हिरामणची दुसरीच्या सुरांची वही नकलून घ्यायला दिली आहे. सुचिताने फक्त दुसरी वाजवावी. पहिली कोणीही वाजवू नये. नुसत्या दुसरीवरून चाल ओळखू येत नाही, म्हणून लोक विचारतील की हे काय वाजवते आहे. त्यांना सांगावे, ही हिरामण म्हात्र्यांची क्लॅरोनेट आहे. मधे जी जागा रिकामी ऐकू येईल ती माझी.

कलम ७. हिरामणची पत्ती मी परत केली नाही. कमळच्या कुंकवाच्या करंड्यात कापसात ठेवली आहे. माझ्या पाठी ती नलूवहिनीला पोचवावी. वकील म्हणतात, साक्षीदाराला काही ठेवले तर कागदाबद्दल शंका निघते. बोटभर बोरूसाठी कोणाला कोर्टात जायचे असेल तर त्याने खुशाल जावे.

या सर्वाची अंमलबजावणी सुचिताने करावी. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही आणि यापुढे करण्याइतका दम उरलेला नाही.

मुक्काम बामणखार
दिनांक ४ फेब्रुवारी २०२५

(सही) काळूराम बाळाराम घरत

साक्षीदार १: (सही) डॉ. हितेश ठाकूर, पोयनाड. काळूराम घरत यांनी माझ्यासमोर सही केली. ते पूर्ण शुद्धीवर आहेत.

साक्षीदार २: (सही) नलू हिरामण म्हात्रे, बामणखार. सगळा वाचला. पत्ती मी आजच नेते. कोनाच्या मरनाची वाट आता बगनार नाय.