दहा चित्रपट आणि एक्केचाळिसावं मिनिट

मोल्दे, ९ डिसेंबर

ती. हेगेताईस,
सा. न., निदान वयाला.

भांडायचं तर कागदावर भांडा, पाकीट चिकटवेपर्यंत निम्मा राग उतरतो, असं बाबा आपल्याला लहानपणी म्हणाले होते. माझा उतरलेला नाही.

शनिवारच्या पेपरात तुझी यादी वाचली. वर्षातले दहा उत्तम चित्रपट, छोटे, देशी-परदेशी, फारसे कुणी न पाहिलेले. जॉर्जियाची सुईण पहिली. पोर्तुगालच्या मिठागरातले अबोल बापलेक तिसरे. दहाही नावं दोनदा वाचली. बाबांच्या शेवटच्या महिन्यांवरचा माझा चित्रपट नाही. इथलं चित्रगृह चालवणारा ऑडवार म्हणतो, हेगेच्या यादीत असता तर जानेवारीत लावला असता, आता काय सांगून माणसं बोलावू? आसपासच्या गावांचंही तेच उत्तर. माझं तीन वर्षांचं काम कपाटात जाणार. दहावी जागा तरी द्यायचीस.

लोभ आहे तेवढाच राहू दे, वाढवायचे कष्ट नकोत.
गुरो

ऑस्लो, १३ डिसेंबर

चि. गुरोस,
अ. उ. आ., रागावलेलीला थोडे जास्तच.

नात्यातल्या माणसाचं काम मी यादीत घेत नाही. वीस वर्षांचा नियम आहे, तुला ठाऊक आहे. घेतलं असतं तर लोक मला नाही, तुला हसले असते. चित्रपट मी शेवटपर्यंत पाहिला. फार देखणा झालाय. शेवटचा तो समुद्र पाहून तर गलबलून आलं.

नाताळला ये. जेवणातल्या डुकराच्या बरगड्या या वर्षी जाळणार नाही, वचन देते. आणि ती सुईण जरूर पाहा. बाळंतपण आटोपल्यावर ती सावकाश हात धुते, कुणाशी एक शब्द बोलत नाही. तुझ्याच स्वभावाची आहे.

थंडीची काळजी घे, आणि माझ्याबद्दल जरा बरा विचार कर.
ताई

मोल्दे, १७ डिसेंबर

ताई,
नमस्कार या वेळी राहू दे.

समुद्र शेवटी नाही, सुरुवातीला आहे. समीक्षकांना पाठवलेल्या लिंकवर कुणी किती पाहिलं ते मला दिसतं. इतकी वर्षं या धंद्यात असून तू विसरलीस. एकोणऐंशी मिनिटांतली तू एक्केचाळीस पाहिलीस. त्या मिनिटाला बाबा उशीवर मान वळवून विचारतात, हेगे आली का? आणि कॅमेऱ्यामागून मी सांगते, निघालीय, येतेच. तू निघाली नव्हतीस. तू परदेशात महोत्सवाला होतीस.

नियमाचं म्हणशील, तर सातवा चित्रपट बेरितचा आहे. तिच्या लग्नात भाषण करता करता तू रडली होतीस. मैत्रीण नात्यात येत नाही वाटतं.

नाताळला मी येत नाही. बरगड्या खुशाल जाळ.
गुरो

ऑस्लो, २१ डिसेंबर

गुरो,
आशीर्वाद कोणत्या तोंडाने देऊ?

नियम आहे, पण कारण ते नव्हतं. तुझा फोन आला तेव्हा माझं परतीचं तिकीट हातात होतं. दुसऱ्या दिवशी सुईणीचा चित्रपट होता. जो तो म्हणत होता, हा चुकवू नकोस. मी तिकीट दोन दिवस पुढे ढकललं. बाबा इतक्यात जात नाहीत, असं स्वतःला समजावलं. आणि तो चित्रपट खरंच चांगला निघाला, गुरो. टाकाऊ निघाला असता तर बरं झालं असतं.

तुझी एक्केचाळीस मिनिटं त्याच्याहून चांगली आहेत. हे मला पेपरात लिहिता आलं असतं. लिहिलं नाही, कारण मग गावोगावची माणसं तिकीट काढून बाबांचा तो प्रश्न ऐकतील, तुझं उत्तर ऐकतील, आणि हेगे म्हणजे कोण हे सगळ्यांना माहीत आहे. तुझं काम मी त्यापायी बुडवलं. यादी वर्षातून एकदाच येते. आता दुरुस्तीही करता येत नाही.

तुझं पत्र आल्यापासून लिंक चारदा उघडली आणि चाळिसाव्या मिनिटाला बंद केली. तुला ते दिसलं असेलच.

लोभ मागायचा हक्क उरलेला नाही, तरी एक मागते. पुढच्या अडतीस मिनिटांत बाबांनी पुन्हा माझं नाव घेतलं का, तेवढं एका ओळीत कळव. स्वतः पाहा, असंच तू लिहिशील, किंवा तेही लिहिणार नाहीस. तरी कळव.

हेगे