न दिसणारं रिव्हॉल्व्हर

१९ सप्टेंबर
परवाना आला एकदाचा. दीड वर्ष. साताऱ्याला किती खेपा झाल्या, ते आठवायचं नाही असं ठरवलंय. कारणाच्या रकान्यात 'स्वसंरक्षण'. खरं कारण बबन. आमच्या रानाखालून नदीची वाळू उपसतो. तक्रार मी केली, साक्षही मीच देणार. कॉलेजातून येताना त्याच्या ट्रॅक्टरनं दोनदा स्कूटर अडवली.
हे राजस्थानातून फोनवर, "मी इथं सीमा राखतोय, तू तिथं नदी. सोड की."
सोडणार नाही. पण भूगोल शिकवणाऱ्या बाईनं शस्त्र घ्यावं, हे मला तरी पटलंय का?

२४ सप्टेंबर
सांगली. बंदुकीचं दुकान. सोबत भाऊजी, ह्यांचे थोरले. सुभेदारकी सुटली, पण दुकानात शिरताना छाती पुढं.
दुकानदारानं आधी लांब नळीचं धूड पुढं केलं. "हे घ्या मॅडम. नुसतं कमरेला दिसलं तरी समोरचा गार."
म्हटलं, मला हलकं हवं. पर्समध्ये मावणारं, कुणाला न दिसणारं.
"न दिसणाऱ्याचा उपयोग काय?"
भाऊजींनी मान डोलावली. दोघांचं एकमत.
हलकंच घेतलं. माझा जेवणाचा डबा त्याहून जड असेल. चालवायची वेळ आली तर चालवेन? माणसावर? आधी याचं उत्तर, मग खरेदी, असा क्रम हवा होता.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
सकाळी भाऊजींनी कपाटाची किल्ली मागितली. "पूजेचं काढतो." घाईत दिली. चूक माझीच.
कॉलेजातून आले तर पाटावर कोयते, विळे, खुरपी आणि मधोमध माझं रिव्हॉल्व्हर. हळदकुंकू, झेंडूचा हार. भोवती सगळी गल्ली. मी तोंड उघडायच्या आत भाऊजी, "अगं, हत्यार हाय. पूजा न्हाई केली तर रुसंल की!"
गोळ्या तेवढ्या बाजूला काढल्या होत्या. फोटो स्टेटसला. सात वाजता कराडहून मैत्रिणीचा फोन, "छान दिसतंय गं हारात."

२ ऑक्टोबर
बबन दारात, आपट्याची पानं घेऊन. दसऱ्याला आलेल्या माणसाला परत कसं पाठवायचं?
"सोनं घ्या बाई, सोन्यासारखं ऱ्हावा." पानं हातात ठेवता ठेवता हळूच, "लय हलकं हाय म्हणं?"
त्याला चहा दिला. वर 'आणखी घ्या' म्हटलं. काय म्हणावं मला!

१५ ऑक्टोबर
अरुंद वाटेवर ट्रॅक्टर समोरून आला. बाजूला झाला, मला वाट दिली. पर्सला हातही लावला नव्हता.
दुकानदाराचं म्हणणं खरं निघालं, याचा संताप. मला बरं वाटलं, त्याचा त्याहून जास्त.

६ नोव्हेंबर
निवडणूक. आचारसंहिता. परवान्याची शस्त्रं ठाण्यात जमा करा. म्हटलं, सतरा तारखेला साक्ष आहे, तोवर तरी राहू द्या.
हवालदार, "सवलतीचा अर्ज करा मॅडम. समितीपुढं ठेवू."
समिती कधी बसते?
"निवडणुकीतनं मोकळी झाली की."
अर्ज केला. शिक्का घेतला. मूर्खासारखा.

११ नोव्हेंबर
जमा केलं. रांगेत माझ्या पुढं बबन. हातात लांब नळीचं धूड, दुकानात मला दाखवलं तसलंच.
वळून म्हणाला, "चला बाई. आता तुमी बी मोकळ्या, आमी बी मोकळं."
रांग हसली. मीही हसले. का?

१६ नोव्हेंबर
उद्या साक्ष. भाऊजी म्हणतात, "मी येतो, मागं बसतो." नको म्हटलं. मग वाटलं, हाही हट्टच.
हे म्हणतात, "तब्येत बरी नाही म्हणून कळव. एका ओळीचं काम." ती ओळ लिहून पाहिली. अक्षर सुरेख आलंय.
दुपारपासून नदीकडं ट्रॅक्टरची घरघर. थांबत नाही.
पर्स भरून ठेवली. उपशाचे फोटो, डबा, ठाण्याची पावती. ती ओळही, घडी करून. खांद्याला लावून पाहिली. होती तेवढीच जड.